भात निवतोय, कान्छा

१

कीर्तिपूरच्या चढावर तीर्थमान महर्जनचं सायबर, म्हणजे कॉम्प्युटर कॅफे, होतं. घर अरुंद, एकावर एक डबे रचल्यासारखं. तळाला सायबर, मधल्या दोन मजल्यांवर निजायच्या खोल्या, आणि सगळ्यात वर गच्चीला लागून स्वयंपाकघर. त्या गावात चूल सगळ्यांचीच वर. त्यामुळे भात तयार झाला की तीर्थमानची आई, आमा, जिन्याच्या तोंडाशी यायची आणि खाली हाक मारायची, "कान्छा, भात निवतोय रे!" कान्छा म्हणजे धाकटा, तीर्थमानचा भाऊ. त्याचं खरं नाव रूपेन, पण घरात ते नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं.

सायबर नावाला तीर्थमानचं, चालवायचा रूपेन. तीर्थमान गल्ल्यावर बसून उन्हात पाठ शेकणारा माणूस, त्याला मशीनमधलं कळायचं ते भावाकडे बघून बघून कळलेलं. रूपेन थोरल्या भावाला म्हणायचा, "दाजू, गेम कधी एकटा येत नाही. त्याला टेकू लागतात. चित्रांना एक, आवाजाला एक, हातातल्या दांडीला एक. टेकू नीट बसले नाहीत तर नुसतं काळं पान दिसतं." नवा गेम आला की तो आधी ती टेकूची सॉफ्टवेअरं खिडकीजवळच्या मशीनवर बसवायचा, तिथे गेम चालला की मग बाकीच्यांवर.

आणि सायबरवाल्याचा एक नेम असतो. मशीनला दिवसभर नाही नाही ते हात लागतात. म्हणून मशीन एकदा मनासारखं लावून घ्यायचं आणि गोठवून टाकायचं. मग कोणी काही का करेना, बंद करून चालू केलं की मशीन पुन्हा गोठवल्या क्षणाचं होतं. काही बदलायचं तर आधी वितळवायचं, काम उरकायचं, परत गोठवायचं. लोडशेडिंगच्या गावात तर लाइट जायच्या आत गोठवून मोकळं व्हायची सगळ्यांना घाई. रूपेनला जरा जास्तच.

त्या सकाळी त्याची घाईच नडली. टेकू बसत होते, लाइट जायची वेळ झाली होती, आणि त्याने काम संपायच्या आधीच गोठवायची खूण करून टाकली. मग पडद्यावर चौकट आली, की हे काम पुरं होण्यासाठी मशीन पुन्हा सुरू करावं लागेल, आता की नंतर? वरून आमाची हाक आली. "कान्छा, भात निवतोय रे!" रूपेनने 'नंतर' दाबलं, वर ओरडला, "आलो गं, दोन मिनिटांत!" आणि एक वायर आणायला म्हणून मोटरसायकलवर खाली रिंगरोडला गेला.

धुकं होतं. ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही म्हणतात.

२

घरावर काय कोसळलं ते सांगत बसत नाही. ज्याच्या घरातून तरणाताठा गेला त्याला ते सांगायला नको, आणि दुसऱ्याला सांगून कळत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सातव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने छपराच्या कडेला भात टांगायची तिकडे रीत आहे. आमाने तो टांगू दिला नाही. "घरातला भात त्याने अजून खाल्ला नाही," ती म्हणाली, "आणि मी बाहेर टांगू होय?" भाऊबंदांनी समजावलं, रागावले, शेवटी निघून गेले.

पुढे वर्ष सरलं. खिडकीजवळचं मशीन तीर्थमानने तसंच ठेवलं. लाइट आली की ते आपोआप सुरू व्हायचं आणि पडद्यावर तीच चौकट यायची. आता की नंतर? तीर्थमानने पहिल्यांदा 'आता' दाबून पाहिलं होतं. मशीन बंद झालं, सुरू झालं, आणि पुन्हा तीच चौकट. गोठवलेलं मशीन, ते दुसरं काय करणार? काम पुरं होतच नव्हतं. त्याने नाद सोडला.

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी लाइट आली. मशीनं एकेक करून बीप बीप करत जागी झाली. आणि वरून हाक आली, "कान्छा, भात निवतोय रे!"

तीर्थमान गल्ला उघडाच टाकून उठला. तो धावत वर गेला. आमा जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हातात पळी, चेहरा रोजच्या कामातल्या बाईचा. रडवेली नाही, भांबावलेली नाही.

"काय रे, धापा काय टाकतोस?" ती म्हणाली. "त्याला पाठव वर. दोन मिनिटं म्हणाला, त्याची दोन मिनिटं कधी संपायची?"

आता हिला काय सांगावं? तीर्थमानने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "येईल गं. तू दोन घास खाऊन घे आधी."

"आधी त्याचं होऊ दे," आमा म्हणाली आणि ताट झाकून बसली.

३

पाटणच्या डॉक्टरांनी तपासलं. वय झालंय, धक्का बसलाय, असं होतं म्हणाले, गोळ्या दिल्या. तीर्थमानलाही ते पटलं. पटायला हवंच होतं. संध्याकाळपर्यंत आमा ताळ्यावर यायची, कान्छा नाही हे आठवून हुंदके द्यायची, मग अष्टमाया, म्हणजे तीर्थमानची बायको, तिला भरवायची. रडत का होईना, चार घास पोटात जायचे.

पण त्या हिवाळ्यात लोडशेडिंग वाढत गेलं. दिवसातून कितीदा लाइट जाई, कितीदा येई, त्याला धरबंध राहिला नाही. आणि आमाचं ताळ्यावर येणं कमी कमी होत गेलं.

सायबरमध्ये बिकेश नावाचा एक कॉलेजवाला यायचा, तोंडाचा भारी वाह्यात. एक दिवस लाइट आली, मशीनं जागी झाली, वरून हाक आली आणि हा हसत म्हणाला, "तीर्थ दाजू, तुमच्याकडे भोंगा बरा आहे. लाइट आली की आमा वाजतात."

"थोबाड फोडीन," तीर्थमान म्हणाला.

"अहो चिडताय काय? बघा ना तुम्हीच. कालही तसंच, परवाही तसंच. मी तर आमांचं ओरडणं ऐकूनच गेम लावतो."

तीर्थमानने त्याला हाकलून दिलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, झालं, असं स्वतःला सांगितलं. लाइट आल्यावर म्हातारीला तरतरी येत असेल, वर बल्ब लागत असेल, त्याने जागी होत असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढच्या खेपेला लाइट आली तेव्हा तो मुद्दाम आमाजवळ वर जाऊन बसला होता. वरच्या बल्बचं बटण त्याने आधीच बंद करून ठेवलं होतं.

आमा भिंतीला टेकून बसली होती. अष्टमायाने तिच्या तोंडाशी घास नेला होता, आणि आमाने तोंड उघडलंही होतं. खाली मशीनं वाजली. आमाने तोंड मिटलं. उठली, पळी घेतली, जिन्याच्या तोंडाशी गेली.

"कान्छा, भात निवतोय रे!"

मग वळली आणि तीर्थमानकडे बघून म्हणाली, "काय रे, धापा काय टाकतोस?"

तीर्थमान तर बसलेला होता, श्वाससुद्धा रोखून.

"आमा, हे तू आत्ताच म्हणालीस. सकाळीपण म्हणालीस," त्याने सांगितलं. तिने ऐकलं नाही. अष्टमायाच्या हातातला घास तसाच राहिला. आमाच्या मनगटातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत होत्या, एवढी ती वाळली होती.

"अहो, माणूस असं कसं जगेल?" अष्टमाया हळू म्हणाली. "तिचा दिवस भातापाशीच येऊन थांबतो. घास तोंडाशी नेला की लाइट येते."

४

तीर्थमानला वाटलं, मग सोपं आहे. मशीनं वाजली की हाक येते, आणि त्यातलं रूपेनच्या त्या सकाळीवर अडकलेलं मशीन एकच. लाइट जाताच त्याने खाली जाऊन खिडकीजवळच्या मशीनचा प्लग उपसून काढला. लाइट आली. बाकीची मशीनं वाजली. ते एक काळंच राहिलं.

वरून हाक आली नाही. तीर्थमानला इतकं हायसं वाटलं की त्याला हसू फुटलं. तो जिना चढत गेला. प्रत्येक वळणावर त्याला वाटे, आता आमा बोलेल, आता अष्टमायाशी काही कुरकुर करेल.

अष्टमाया दाराशी उभी होती, पदर तोंडाला लावून. आमा चुलीपाशी बसलेली होती. डोळे उघडे. तोंडही थोडं उघडं. तीर्थमानने हाक मारली, हलवलं. अंग ऊन होतं, छाती वर-खाली होत होती. हात उचलून सोडला तर तो अधांतरी राहिला, जिथे सोडला तिथेच. एक माशी तिच्या ओठावर बसली, ओठावरून आत गेली, आणि आमाने तोंड मिटलं नाही.

"काय केलंत तुम्ही?" अष्टमाया किंचाळली. "खाली काय केलंत?"

तीर्थमान जिन्यावरून अक्षरशः पडत खाली आला. प्लग दोनदा भोकाच्या बाजूलाच आपटला. शेवटी बसला. मशीन सुरू झालं, पंखा फिरला, पडद्यावर चौकट आली. आता की नंतर?

"कान्छा, भात निवतोय रे!" वरून हाक आली, अगदी ठणठणीत.

तीर्थमान तिथेच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडला. आई परत आली म्हणून रडला की परत आली ती कोण या भीतीने, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. नंतर त्याच्या लक्षात आलं की खिडकीजवळची खुर्ची फिरून दाराकडे तोंड करून उभी आहे. प्लग लावताना त्याचाच धक्का लागला असेल. लागलाच असेल. त्याने ती सरळ केली, आणि हात पटकन मागे घेतला. बसायची जागा ऊन होती.

५

काम अर्धवट राहिलंय. एवढंच त्याला त्या रात्री अंथरुणात उमगलं, आणि पुढचं काही उमगून घ्यायची त्याची हिंमत नव्हती. अर्धवट राहिलंय ते पुरं करायचं. वितळवायचं, टेकू बसू द्यायचे, मग आमाचा दिवस पुढे सरकेल. ती जेवेल. एवढं झालं तरी खूप.

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याने सायबर उघडलं नाही. अष्टमायाला हट्टाने माहेरी पाठवलं. दुपार होती, पण धुकं उतरलंच नव्हतं, समोरची घरं दिसत नव्हती. वर आमा ताट झाकून बसली होती. तीन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

वितळवायचा परवलीचा शब्द दोघा भावांना ठाऊक होता. तीर्थमानने तो घातला. मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि चौकट आली. त्याने 'आता' दाबलं.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच. आणि मग एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जाऊ लागली, जी गेलं वर्षभर त्याला कधी दिसली नव्हती. एक टेकू बसला. स्पीकरमधून घरघर आली, मग घरघर थांबली आणि कोणी तरी नाकाने श्वास घेतल्यासारखं झालं. वाऱ्याचा आवाज असेल, नव्या गेममध्ये सुरुवातीला वारा असतो, त्याने स्वतःला बजावलं. दुसरा टेकू बसला. मेजावरची खेळायची दांडी आपोआप थरथरली, आणि थांबली. तीर्थमान मागे सरकत सरकत जिन्यापाशी गेला.

शेवटची पट्टी भरली. 'काम पुरं झालं.'

खुर्ची करकरली. रूपेन उठताना करकरायची तशीच, आधी डावीकडे झुकून. मोहरीच्या तेलाचा वास आला, रूपेन डोक्याला चोपडायचा त्या. तीर्थमानने डोळे गच्च मिटले. त्याच्या अंगावरून गार वारा गेला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय पडला. दुसऱ्या. त्या पावलांना काही तरी झालं होतं. एक पाऊल टाकलं जाई, आणि दुसरं ओढलं जाई.

वर गेली पावलं. आणि मग आमाचा आवाज आला.

"आलास? किती रे वाट बघायला लावायची! बस."

ताटावरचं झाकण निघाल्याचा आवाज. पळी भांड्याला लागली. आमा बोलत होती, भराभरा, तिच्या जुन्या आवाजात, मुळ्याचं लोणचं नवं घातलंय, डाळ जरा दाट झालीय. मध्येच हसली. आणि मग, देवा, मग तिने घास घेतला. चावल्याचा आवाज त्या शांत घरात खालपर्यंत ऐकू आला. तीर्थमानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जेवतेय, आमा जेवतेय!

त्याने पायरीवर पाय ठेवला. आणि थबकला. वर जाऊन पाहिलं आणि हे मोडलं तर? जेवत्या माणसाला उठवू नये म्हणतात. वर कोण बसलंय ते बघायचं त्याला होतं, आणि मरेपर्यंत बघायचं नव्हतंही.

तेवढ्यात त्याची नजर घड्याळाकडे गेली. लाइट जायची वेळ झाली होती. मशीन अजून वितळवलेलंच होतं. लाइट गेली आणि परत आली तर काय होईल? पुन्हा ती चौकट? पुन्हा झाकलेलं ताट? नाही. आता हे असंच राहायला हवं. आमा जेवताना, हसताना. आधी गोठवू, वर मागाहून जाऊ.

त्याने धावत जाऊन खूण केली. तोच परवलीचा शब्द घातला. जिन्यापाशी परत आला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कान वर लावला.

लाइट गेली.

६

लाइट आली. मशीनं बीप बीप करत जागी झाली. तीर्थमान जिन्यापाशी उभा होता, एक पाय पायरीवर. वरून पळीचा आवाज आला.

"ऐक," तो म्हणाला, कारण शेजारी अष्टमाया उभी होती. माहेराहून लवकर कशी आली ही? "ऐक, आमा जेवतेय."

"हे आत्ताच म्हणालात," अष्टमाया म्हणाली. "सकाळीपण म्हणालात."

तिच्या हातात ताट होतं, भात आणि पालेभाजी. तिने पांढरं नेसलं होतं. तीर्थमानला राग आला, भरल्या घरात हे काय अभद्र? तो बोलणार तोच त्याला स्वतःची बाही दिसली. पांढरी. पायात पांढरी कापडी चप्पल. त्याने डोक्याला हात लावला. मुंडण होऊन पुन्हा वाढलेले आखूड केस हाताला लागले. दाराबाहेर धुकं हवं होतं, तिथे लख्ख ऊन पडलं होतं, आणि भाताची रोपं लावून परतणाऱ्या बायका मांडीपर्यंत चिखलाने भरून हसत खिदळत चढ चढत होत्या.

"पांढरं कशाला?" त्याने विचारलं. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला बारीक वाटला.

"आमा गेल्या हो," अष्टमाया म्हणाली. किती वेळा सांगितलेलं सांगावं तसं, न रडता. "मी माहेराहून आले तेव्हाच गेलेल्या होत्या, उपाशीच. समोर दोन ताटं होती, दोन्ही भरलेली. अग्नी तुम्हीच दिलात. तुमचा हात धरून द्यायला लावला."

"मग तो प्लग काढून टाक ना!" कुठून तरी आतून, खोल तळातून तीर्थमान बोलला. तेवढं एक त्याला सुचलं.

"काढला होता एकदा," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांवर माश्या बसल्या. पुन्हा नाही काढणार."

तीर्थमान तिच्याकडे बघत राहिला. काही तरी महत्त्वाचं ती बोलली होती, पण वरून आमाचा हसण्याचा आवाज आला, आणि ते त्याच्या हातून निसटून गेलं. त्याचा चेहरा उजळला.

"ऐकलंस? गेली गेली म्हणतेस, मग वर हसतंय कोण?"

अष्टमायाने जिन्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ताट त्याच्या पुढे धरलं. तीर्थमानच्या हातातलं घड्याळ आता मनगटातून कोपराकडे घसरत होतं, ते तिने नेहमीप्रमाणे खाली ओढून नीट केलं.

"बरं, जेवतायत त्या," ती लहान पोराला समजवावं तसं म्हणाली. "तुम्ही दोन घास खाऊन घ्या आधी."

"आधी त्यांचं होऊ दे," तीर्थमान म्हणाला आणि कान वर लावला.

वर पळी भांड्याला लागली. कोणी तरी आणखी भात मागितला असावा.